मागच्या रांगेचे ठिपके

इतर दुकानांत फोटो मोठा करायला नेला, की किती बाय किती, कागद कोणता, फ्रेम हवी का, असं विचारतात. आमच्या दुकानात गजभियेकाका चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायचे, "पाहणार कुठून?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. कुठून म्हणजे काय, डोळ्यांनी पाहणार, असंही एकाने सांगितलं होतं. काकांना पावलं हवी असत. माणूस भिंतीपासून किती पावलांवर उभा राहणार, बसून बघणार की चालता चालता, थांबायला त्याला वेळ असणार की नाही, हे कळल्याशिवाय ते मशीनला हात लावत नसत. तोवर दारात आणखी दोघंतिघं ताटकळलेली असायची आणि मी संगणकासमोर दात-ओठ खात बसलेली असायचे.

रामदासपेठेतल्या एका गल्लीत मोठे फोटो छापून देणारं आमचं दुकान. मालकांचे आणखी दोन-तीन धंदे, त्यामुळे ते महिन्यातून एखाददा उगवायचे. संगणकावर फोटो नीट करायचे मी, छापायचे काका. सहा वर्षं आम्ही एका खोलीत काढली. काका आता नाहीत. असते तर हे लिहिलेलंही त्यांनी भिंगाखाली धरलं असतं आणि कुठेतरी बोट ठेवलंच असतं.

भिंग त्यांच्या गळ्यात कायम. बुटाच्या काळ्या नाडीला बांधलेलं, शर्टाच्या दोन गुंड्यांच्या मध्ये खोचलेलं. उंच, किडकिडीत माणूस, साठी ओलांडलेला, बोटं मात्र बाईसारखी नाजूक. छापलेला कागद जमिनीवर पसरला की चपला दाराबाहेर काढायचे आणि मोजे घालून त्याच्या कडेकडेने रांगायचे. चहा छपाईच्या खोलीत कधी घेतला नाही. मे महिन्यात नागपूर भाजून निघत असताना आमच्या खोलीतला कूलर बाहेरच्या बाकापाशी असायचा, कारण कूलरच्या ओल्या हवेने कागद फुगतो. बाकावर बसलेली गिऱ्हाइकं गारेगार, आम्ही आत घामाघूम. मी कुरकुर केली की म्हणायचे, "तू वाळशीन त काही नाही होत वं मीनल, कागद भिजला तर मातेरं होते."

खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मला त्यांचा रागच यायचा. माणूस खडूस वाटायचा. पहिल्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा तीस फुटी फलक छापून निघाला. मी जवळ जाऊन बघितलं तर साहेबांच्या गालावर हरभऱ्याएवढे ठिपके. नवी नोकरी, आणि ही फाईल मीच पाठवलेली. मी काकांना तसं सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी मला आपल्या मोपेडवर मागे बसवून थेट उड्डाणपुलावर घेऊन गेले. खाली चौकात तो फलक लागला होता. पुलावरून साहेबांची मिशीसुद्धा केसागणिक स्वच्छ दिसत होती.

"पाह्य," काका म्हणाले. "इथून जाणारा माणूस गाडीवर आहे. त्याच्यापाशी दोन सेकंद आहे. त्याले इतके ठिपके पुरते. अन् पुढाऱ्याचा फोटो जवळून पाहाले कोण जाते?"

या शेवटच्या वाक्यावर ते स्वतःच इतके खूश झाले, की परतताना सिग्नलवर गाडी थांबली तेव्हाही त्यांची पाठ हसण्याने हलत होती.

याच्या नेमकं उलट मनीषनगरच्या एका साहेबांच्या बाबतीत घडलं. नवा फ्लॅट, सोफ्याच्या मागच्या भिंतीवर सात फुटी फोटो हवा होता. बर्फात उभं राहिलेलं सगळं कुटुंब. फोटो त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. काकांनी तो मोठा करून एका चेहऱ्यावर थांबवला. "माणसाले ठिपके किती आले?" त्यांनी मला विचारलं. हा त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न. फोटो किती मेगापिक्सेलचा आहे यात त्यांना रस नसायचा, त्यातल्या माणसाच्या वाट्याला किती ठिपके आले ते हवं असायचं. मी मोजून सांगितलं. काकांनी मान हलवली.

"हा फोटो वाटेत आटला आहे साहेब," ते म्हणाले. "ज्या फोननं काढला त्यातून सरळ आणा."

"मोबाईलवर तर एकदम क्लिअर दिसतो."

"मोबाईल वीतभर आहे. वीतभर जागेत सगळेच चांगले दिसते."

साहेबांना ते झोंबलं. काका तेवढ्यावर थांबले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, सोफ्यावर टेकून बसले, उठले, भिंतीकडे तोंड करून उलटी पावलं टाकत गेले. साडेचार पावलांवर ओटा लागला. तेव्हा त्यांनी घरच्यांना आपला निर्णय ऐकवला, "तुमच्या घरात मागं सरकाले जागा नाही. बंगला असता तर कसाही फोटो खपला असता. लहान घराले चांगला लागते." साहेबांच्या पत्नी तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब हसले नाहीत. पण मूळ फोटो त्यांच्या मेहुण्याच्या फोनमध्ये सापडला, आणि सात फुटांचे चार फूट करून तो भिंतीवर लागला. पुढे त्यांनीच आम्हाला आणखी तीन गिऱ्हाइकं पाठवली.

नंतर ती नवी सॉफ्टवेअरं आली. बारक्या, धुरकट फोटोतून खणखणीत मोठा फोटो काढून देणारी. मी त्यांच्या प्रेमातच पडले. एकदा लग्नाच्या जुन्या फोटोतली एक आजी मी अशी मोठी करून काकांना दाखवली. पापण्या, भुवया, सगळं कसं लख्ख. काकांनी मूळ फोटो शेजारी ठेवला आणि विचारलं, "हिले दात कधी आले?" मूळ फोटोत आजींच्या तोंडात काळोख होता. मशीनने बत्तिशी भरून दिली होती.

"मशीन चोर नाही," काका मला समजावत म्हणाले. "त्याले माहीत नसलं का ते अंदाज मारते. पण हिचा नातू उद्या म्हणन, आमच्या आजीचे दात पाहा कसे होते." मी ते दात काढून टाकले. मनातून मात्र चडफडले, कारण फोटो दातांसकटच छान दिसत होता.

आता त्या रुग्णालयाची गोष्ट. काकांविषयी मला जे सांगायचं आहे ते बरंचसं त्या एका कामातच आहे.

आमच्या जवळच्याच एका रुग्णालयाला पंचवीस वर्षं होत होती. त्यांना खालच्या मोठ्या दालनात, रुग्णांचे नातेवाईक बसतात तिथे, सगळ्या कर्मचाऱ्यांचा अठरा फुटी फोटो लावायचा होता. तिथले व्यवस्थापक मागच्या सव्वीस जानेवारीचा, कोणीतरी फोनवर काढलेला फोटो घेऊन आले. पुढे खुर्च्यांवर डॉक्टर, त्यांच्यामागे परिचारिका, मग तंत्रज्ञ, कारकून, आणि पायऱ्यांवर सगळ्यात मागे आया, सफाईवाले, लिफ्टवाले.

काकांनी विचारलं, "पाहणार कुठून?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच जाऊन त्या दालनात तासभर बसून आले. परत आल्यावर म्हणाले, "तिथं लोकं तीन-तीन तास बसते. करमत नाही म्हणून उठते, भिंतीपाशी जाते. नाक लावून एकेक तोंड पाहतीन ते."

मग मी चेहरे मोजले. पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांच्या चेहऱ्याला रुंदीत नव्वद ठिपके आले होते. मागच्या रांगेतल्या बायांना पस्तीस. पस्तीस ठिपक्यांत डोळे म्हणजे दोन डाग.

"पस्तिशीत माणूस बसत नाही," काका व्यवस्थापकांना म्हणाले. "पुन्हा काढू. मी काढतो."

व्यवस्थापक म्हणाले, "मागचे कोण बघतो, काका?"

काकांनी त्यांच्याकडे इतक्या शांतपणे बघितलं, की व्यवस्थापकच घाईने म्हणाले, "बरं, काढा."

जानेवारीतल्या एका सकाळी दहा वाजता रुग्णालयाच्या आवारात सगळ्यांना पायऱ्यांवर उभं केलं. जवळपास एकशे चाळीस माणसं. काकांनी शिडी लावली ती पार दुसऱ्या टोकाला, गाड्या लावायच्या शेडपाशी. एवढ्या लांबून कशाला, असं मी विचारलं. "जवळून काढला तर पुढचा मोठा येते, मागचा बारका होते. लांब जाऊन ओढलं का दोघं सारखे." लांबचं दिसणारी लेन्स लावून ते डावीकडून उजवीकडे सात तुकड्यांत फोटो काढणार होते. प्रत्येक तुकड्यात आधीच्याचा थोडा भाग यायचा, म्हणजे नंतर संगणकावर सातही जोडता येतात. असं केलं की एकेका चेहऱ्याला पाचशेच्या घरात ठिपके मिळणार होते, पुढच्याला आणि मागच्यालाही.

शिडीवरून त्यांनी सगळ्यांना बजावलं, "मी खाली उतरेपर्यंत कोणी हलू नका. बोलू नका, हासू बी नका. जोडावर एकाच माणसाचे दोन तोंडं येते, ते जुळले पाह्यजे." एकशे चाळीस माणसं गंभीर झाली. एक, दोन, तीन, चार तुकडे झाले, आणि सूर्यावर ढग आला.

असल्या कामाचा काकांचा एक नियम होता. मधे खंड पडला तर पहिल्यापासून सुरू करायचं. तो त्यांनी मला पन्नासदा तरी ऐकवला असेल. त्या दिवशी ढग हटायला पाच मिनिटं गेली. पुढच्या रांगेतली दोन-तीन डॉक्टर मंडळी घड्याळं बघायला लागली, ओपीडीची वेळ झाली होती. काकांनी वरून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "चार झालेत ना काका. पाचव्यापासून पुढे चला, लोक कंटाळलेत."

त्यांनी घड्याळं बघणाऱ्या डॉक्टरांकडे एकदा पाहिलं. मग कॅमेरा वळवला आणि पाचव्यापासून पुढे गेले.

फोटो सुंदर आला. मी सातही तुकडे जोडले, काकांनी ते पाच उभ्या पट्ट्यांवर छापले. प्रत्येक पट्टी जमिनीवर पसरून, मोजे घालून, भिंगाने त्यांनी त्यातला चेहरान् चेहरा तपासला. लिफ्टवाल्याच्या दाढीचे खुंट दिसत होते. एका आयाबाईच्या कपाळावरचं गोंदण दिसत होतं. काका दोन दिवस भलते खुशीत होते, मला स्वतःच्या खर्चाने समोसे आणून दिले. फोटो भिंतीवर लागला, फुलांची माळ चढली, भाषणं झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पट्ट्यांच्या कडा नीट चिकटल्या आहेत का ते बघायला गेलो होतो. दालनात पंधरा-वीस माणसं बसलेली. तेवढ्यात एक आयाबाई आल्या. फिकट निळं, पांढऱ्या काठाचं ड्यूटीचं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या. बरोबर त्यांच्यासारख्याच चेहऱ्याची, उन्हाने रापलेली दुसरी बाई, हातात कापडी पिशवी.

"ये वं, दाखवतो तुले," आयाबाई तिला म्हणाल्या. त्यांनी बोट वर केलं आणि भिंतीला न लावता मागच्या रांगेवरून डावीकडून उजवीकडे नेलं. हा आमचा लिफ्टवाला, ही कांता, ही रात्रपाळीची सुमन. शेवटपर्यंत गेल्या. थांबल्या. मग उजवीकडून डावीकडे आल्या.

"कुठं आहेस वं तू?" दुसरीने विचारलं.

"असन ना इथंच. कांताच्या बाजूले होती मी."

कांताबाई सापडल्या. त्यांच्या बाजूला मात्र रात्रपाळीच्या सुमनबाई होत्या. आयाबाई खूप वेळ तिथे बघत राहिल्या. मग त्यांनी आपला उजवा हात उचलून फोटोच्या अगदी जवळ नेला. फोटोत कांताबाईंच्या खांद्यावर एक हात होता. दोन हिरव्या बांगड्या, वाकडी करंगळी. मनगटाच्या पुढे काही नव्हतं, तिथून सुमनबाईंचा पदर सुरू होत होता. भिंतीजवळच्या हाताचीही करंगळी तशीच वाकडी होती.

"हात आला माहा," त्या म्हणाल्या. "पाह्य. हा हात आला."

बहिणीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते पुढे गेले, भिंग काढलं, तो हात बघितला, मनगटाची कड बघितली. मग त्या बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, चूक माही आहे."

त्यांचं नाव शेवंताबाई. बहीण रामटेकजवळच्या गावाहून, धानाची कामं उरकून, खास हा फोटो बघायला आली होती. शेवंताबाई बावीस वर्षं इथे होत्या आणि फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होत्या. उलट त्याच काकांची समजूत घालायला लागल्या. "राहू द्या ना भाऊ. मीच गेली होती. ढग आला तवा सात नंबरच्या पेशंटनं घंटी मारली. त्याले उठवून बसवलं अन् आली, तर तुमचं आटपलं होतं. हात तर आला ना."

दुकानात येऊन काकांनी मूळ तुकडे उघडायला लावले. चौथ्या तुकड्याची उजवी कड शेवंताबाईंच्या मनगटाच्या जरा पुढे संपत होती. पाचव्यात त्या नव्हत्याच, आणि मोकळी जागा बघून सुमनबाई आत सरकल्या होत्या. थांबून पुन्हा कॅमेरा वळवताना एरवी हातभर ठेवायचा जोड काकांनी वीतभरच ठेवला होता. जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला माणूस कमी पडल्याचं कळायचं कारण नव्हतं. आणि आम्ही दोघांनी चेहरे तपासले होते, मोजले नव्हते.

"माझ्यामुळे झालं काका," मी म्हणाले. मला खरोखर रडू येत होतं. "मीच म्हटलं पुढे चला."

"शिडीवर मी होतो," ते म्हणाले. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "त्या फोनच्या फोटोत होती ती. पस्तीस ठिपक्यात होती, पण होती."

मला हे वाक्य आजही टोचतं. पाचशे ठिपक्यांच्या हट्टापायी आम्ही एक अख्खी बाई घालवली होती.

व्यवस्थापकांनी ते फार मनावर घेतलं नाही. एवढ्या मोठ्या फोटोत एक आया कोणाला कळणार, आणि वाटलंच तर आयडी कार्डावरचा फोटो घेऊन तिचा चेहरा एआयने बसवून टाका, असं म्हणाले. काका म्हणाले, "तिचं तोंड मशीनले कसं माहीत असन, साहेब?" तीन दिवस ते रोज जाऊन त्यांच्या केबिनबाहेर बसले. एकच पट्टी बदलायची आहे, रविवारी दालन रिकामं असतं, फेब्रुवारी संपायच्या आत करून टाकतो, हेच पुन्हा पुन्हा सांगत. चौथ्या दिवशी कंटाळून परवानगी मिळाली. त्याच रिळाचा उरलेला कागद काकांनी गुंडाळून ठेवलाच होता, दुसऱ्या रिळाचा पांढरा वेगळा पडतो म्हणून. शेवंताबाईंना जागा करायची तर सुमनबाईंचा अर्धा खांदा झाकला जाणार होता. त्यासाठी काका सुमनबाईंनाही जाऊन विचारून आले.

रविवारी आम्ही साडेनऊलाच पोचलो. महिन्याभरात सूर्य वर चढला होता, तेच ऊन हवं तर अर्धा तास आधी यायला हवं, हा काकांचा हिशेब. शिडी त्याच जागी लावली. मागच्या भिंतीवरच्या एका भेगेवरून शेवंताबाईंची पायरी शोधली. कॅमेऱ्यापाशी या वेळी मी होते, कारण काकांना खाली राहून त्यांना नीट उभं करायचं होतं.

त्या उभ्या राहिल्या आणि सगळंच बिघडलं. उजवा हात हवेत तरंगायला लागला. खाली घेतला तर खांदा उतरायचा, वर धरला तर त्या रस्ता दाखवणाऱ्या पोलिसासारख्या दिसायच्या.

"हात कुठं ठेवू भाऊ? कांता तर नाही."

कांताबाई लेकीच्या बाळंतपणाला भंडाऱ्याला गेल्या होत्या. आवारात पहारेकऱ्याशिवाय कोणी नाही, आणि तो दार सोडायला तयार नव्हता. काकांनी इकडेतिकडे बघितलं, पायऱ्या चढून वर गेले आणि कांताबाईंच्या जागी उभे राहिले. पण कांताबाई काकांच्या काखेत बसतील एवढ्या. शेवंताबाईंना त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला टाचा उंच कराव्या लागल्या. तेव्हा काकांनी गुडघे वाकवले. आणखी वाकवले. दोन्ही तळवे मांड्यांवर टेकवले, मान सरळ ठेवली आणि समोर बघत मला म्हणाले, "जमलं का? आता काढ."

त्यांचे गुडघे किती दुखायचे ते मला माहीत होतं. दुकानात एकदा खाली बसले की उठताना टेबल धरावं लागायचं. मी भराभर काढायला लागले. पहिले पाच फोटो अगदी हवे तसे आले, शेवंताबाई गंभीर, त्या दिवशी सगळे होते तशाच. सहाव्याच्या वेळी काकांच्या गुडघ्यातून कट्कन आवाज आला. तो मला शिडीवर ऐकू आला नाही, शेवंताबाईंनी नंतर सांगितला, पण ते डुललेले दिसले. शेवंताबाईंनी त्यांचा खांदा घट्ट धरला आणि म्हणाल्या, "भाऊ, कांता बी इतकी नाही हालत." मग त्यांना हसू आवरेना. माझं बोट बटणावर होतं, ते दाबलं गेलं.

दुकानात येऊन मी तिसरा फोटो निवडला. स्वच्छ, स्थिर, जुन्या फोटोशी तंतोतंत जुळणारा. काका शेजारच्या स्टुलावर गुडघ्यांना मलम चोळत बसले होते. त्यांनी सहाही फोटो पुन्हा पुन्हा बघितले आणि सहाव्यावर बोट ठेवलं.

"काका, हा हललाय," मी म्हणाले. "हनुवटी बघा. आणि बाकी कोणीच हसत नाहीये."

त्यांनी भिंग काढलं नाही. "हालला आहे," ते म्हणाले. "राहू दे."

सहा वर्षांत हललेला फोटो त्यांनी तेवढा एकच पास केला. मी का म्हणून विचारलं नाही.

मग काकांना कापायचं काम माझ्याकडे आलं. कांताबाईंच्या खांद्यावरचा हात पहिल्या दिवशीचाच ठेवायचा होता, त्यामुळे नवीन फोटोतून मनगटापासून पुढच्या शेवंताबाई घेतल्या आणि त्या हाताला जोडल्या. उरलेल्या तुकड्यात काका राहिले. गुडघे वाकवून, तळवे मांड्यांवर टेकवून, कोणीतरी कांताबाई म्हणून हजेरी घेणार असल्यासारखे सरळ समोर बघत. खांद्यावर वाकड्या करंगळीचा एक हात. तो तुकडा मी पुसला नाही. काकांचा माझ्याकडे दुसरा फोटो नाही.

पट्टी बदलली. फेब्रुवारी संपायला तीन दिवस असताना शेवंताबाई बहिणीला घेऊन पुन्हा येऊन गेल्या. त्या वेळी आम्ही तिथे नव्हतो. काकांना जायचं नव्हतं. नंतर पहारेकऱ्याने सांगितलं, की दोघी बराच वेळ भिंतीपाशी उभ्या होत्या, आणि बहिणीने फोनवर त्या फोटोचा फोटो काढून नेला. वीतभर मोबाईलमध्ये अठरा फूट मावले असतील, म्हणून काका हसले.

मी आता आईला डॉक्टरांना दाखवायला त्या रुग्णालयात जाते. नंबर येईपर्यंत दोन-अडीच तास सहज जातात. काका म्हणाले होते तसंच होतं, माणसं कंटाळतात, उठतात, भिंतीपाशी जाऊन एकेक चेहरा बघतात. मागच्या महिन्यात एक बाई फाईल काखेत धरून तिथे उभी होती. शेवटच्या रांगेपर्यंत पोचली आणि सोबतच्या माणसाला म्हणाली, "सगळे कसे मुकाट्यानं उभे आहेत. ही एकटीच काहून हासून राहिली?"

तो माणूसही वाकून बघायला लागला. शेवंताबाई तोंडभर हसतायत, चेहरा किंचित हललेला, नजर थोडी बाजूला आणि खाली. त्या जिथे बघतायत तिथे कांताबाई गंभीरपणे उभ्या आहेत.